फिल्मवरची नखाची रेघ

वेल्डिंगच्या एका चांगल्या जोडाला मी वाईट म्हटलं. तो चांगला आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या हातून चूक झाली, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिलो. पण चूक फक्त पहिल्या दोन सेकंदांची होती. एक्सरेची फिल्म हाताळताना माझ्या अंगठ्याचं नख तिच्यात रुतलं, तेवढीच. त्यानंतरचं सगळं मी समजून केलं आणि ते दुसऱ्या माणसाला भोवलं.

मुलुंडला, कारखान्यांच्या मोठ्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. दाबाच्या टाक्या आणि बॉयलरचे ड्रम तिथं बनायचे. वेल्डिंगच्या जोडांचे एक्सरे काढणं हे माझं काम. डॉक्टर छातीचा काढतो तसाच हा प्रकार. जोडाच्या एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला काळ्या पाकिटातली फिल्म. पोलादाच्या आत कुठे पोकळी, कीट किंवा चीर असेल तर तिथून किरण जास्त जातात आणि फिल्मवर तेवढा भाग काळा उमटतो. जोड न तोडता त्याच्या पोटातलं दिसतं. वरून जोड कितीही सुबक असू दे, शेवटचा शब्द फिल्मचा. फिल्म वाचणारे आम्ही दोघेच, मी आणि आमचे साहेब. शॉपमध्ये मला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी मी 'एक्सरे' होतो.

टाकीच्या जोडाला हात लावायचा तर वेल्डरकडे कार्ड लागायचं. कार्डासाठी दोन पट्ट्या जोडून टेस्ट प्लेट करून द्यायची, मग आम्ही तिचा एक्सरे काढायचो. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही गेल्या की वेल्डिंगचं दार बंद. निकाल सकाळी पाळी सुरू होण्याआधी, शॉपच्या तोंडाशी असलेल्या फळ्यासमोर सगळ्यांदेखत वाचला जाई. वाचणारा मीच.

ज्याच्याविषयी लिहितोय त्याला सगळे मामा म्हणत. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, मूळचा मालवणकडचा. परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संपात गिरणी गेली आणि तो आमच्याकडे हेल्पर म्हणून लागला. दिवसभर दुसऱ्यांचे जोड ग्राइंडरनं घासायचा आणि जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पट्ट्यांवर स्वतः वेल्डिंग शिकायचा. डबा खायला त्याला पाच मिनिटं पुरत. सव्वा वर्ष हे चाललं होतं. भांडुपच्या टेकडीवर त्याची खोली होती, दोन पोरी शाळेत होत्या. हेल्परच्या पगारात भागत नाही, गावी जाऊ या, असा बायकोचा धोशा होता.

"कार्ड गावला तर हयच रवतलंय," तो मला म्हणाला होता. "नायतर चललंय गावाक. मगे तिकडे पोरींका शिकवतलो कोण?"

त्याच्या हातात एक गोष्ट अशी होती, जी आमच्या जुन्या वेल्डरांनाही जमत नसे. वेल्डिंगचा रॉड संपतो तेव्हा थांबून नवा लावावा लागतो. जुना थांबला तिथून नवा सुरू करायचा, हीच जोडातली नाजूक जागा. तिथं हमखास काहीतरी राहून जातं. मामाचं तिथं काहीच राहत नसे. रॉड संपायच्या आत दुसरा त्याच्या डाव्या हातात तयार असायचा. वर जमलेलं कीट उडवायला दोन ठोके, एक ब्रश आणि लगेच सुरू. मी एकदा विचारलं, हे कुठं शिकलात? तर हसला.

"साच्यावर धागो तुटलो तर काय विचार करत बसतंस? धागो धरूचो, गाठ मारूची, साचो चालू. इतक्या वर्सांत किती गाठी मारलंय, ता देवाक म्हायत."

त्याच्या पहिल्या टेस्टच्या वेळी मी नोकरीत कच्चा होतो. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती आणि त्या महिन्यात मी तीन फिल्म वाया घालवल्या होत्या. एकीला उजेड लागला, एकीवर पाण्याचे डाग पडले, तिसरी धुताना खरवडली. साहेबांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "अजून एक फिल्म खराब केलीस ना, तर कायम होण्याचं पत्र विसर. हे शेवटचं सांगतोय."

मामाच्या प्लेटचा एक्सरे मागच्या जाड भिंतींच्या खोलीत काढला आणि फिल्म घेऊन डार्करूममध्ये गेलो. फिल्म पाकिटातून काढताना दोन्ही हातांनी, कडांना धरून काढायची असते. मी घाईत एका हातानं ओढली. ती वाकली आणि अंगठ्याचं नख तिच्यात बसलं. बोटाला कळलं ते. लाल दिव्यात काही दिसत नव्हतं, म्हणून मी मनात म्हटलं, काही झालं नसेल.

झालं होतं. फिल्म धुऊन, वाळवून आतून दिवे असलेल्या पेटीवर लावली तर जोडाच्या बरोबर मधोमध एक बारीक काळी रेघ, कोवळ्या चंद्रासारखी वाकलेली. नेमकी रॉड बदलला त्या जागी. बाकीची फिल्म इतकी स्वच्छ होती की ती रेघ लांबूनही दिसत होती.

असली रेघ जोडातली की फिल्मवरची, हे ओळखायची सोपी रीत आहे. फिल्म पेटीवरून काढायची, खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची आणि तिच्या पृष्ठभागावर बघायचं. जोडातल्या चिरेनं फिल्मला खळगा पडत नाही, नखानं पडतो. मी फिल्म तिरपी धरली. खळगा चकाकला.

उपायही तितकाच सोपा होता. प्लेट अजून खोलीतच होती. दुसरी फिल्म लावायची, अर्ध्या तासाचं काम. पण प्रत्येक फिल्म रजिस्टरमध्ये लिहावी लागे आणि रजिस्टर रोज संध्याकाळी साहेबांपुढे जाई. मी काय करावं ते ठरवत होतो, तेवढ्यात साहेब आत आले. एका बड्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर बाहेर ताटकळत होता, त्यामुळे ते घाईत होते.

"काय रे हे? चीर आहे?"

"वाटतेय, साहेब."

"तिरपी धरून बघितलीस?"

"बघितली. फिल्म साफ आहे."

त्यांनी सही केली आणि गेले. तीन शब्दांचं खोटं होतं, तेही मी कोणी न मारता, न धमकावता बोललो.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर मी निकाल वाचला. मामाच्या नंबरापुढे 'नापास' म्हणताना कागदावरून मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत तो फिल्मच्या खोलीत आला. रागावलेला नव्हता. टोपी हातात धरून, शाळेत आल्यासारखा उभा राहिला.

"माका दाखव. खय चुकलंय ता कळाक होया."

मी फिल्म पेटीवर लावली. त्याच अंगठ्यानं ती रेघ दाखवली. "इथं. रॉड बदललात तिथं."

तो पुढे वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला. "हय? पण हय तर माझो हात..." आणि थांबला. मग म्हणाला, "म्हणजे जय माका येता असा वाटता, थयच येणा नाय."

इथंही मला गप्प राहता आलं असतं. पण खोटं पक्कं करायला माणूस एक पाऊल जास्त टाकतो. मी म्हटलं, "तुम्ही तिथं फार घाई करता, मामा. रॉड संपला की थांबा. नीट साफ करा, नीट बघा, मग सुरू करा." मी चोवीस वर्षांचा, उभ्या जन्मात हातात रॉडचा होल्डर धरून एक जोड केला नव्हता. त्यानं मान डोलावली. "बरा झाला सांगितलंस," म्हणाला.

त्याच आठवड्यात मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. मी शॉपमध्ये पेढे वाटले. मामानंही एक घेतला. "जिंकलंस रे झिला," म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. तो पेढा त्यानं खाल्ला नाही, कागदात गुंडाळून पोरींसाठी खिशात ठेवला.

पुढचे सहा महिने तो मी सांगितलं तसं शिकत होता. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघायचो. रॉड संपला की तो थांबायचा, तोंडावरचं शील्ड वर करायचा, ठोकायचा, ब्रश मारायचा, वाकून बघायचा, पुन्हा ठोकायचा. पोलाद गार होई. मग तो भीत भीत नवा रॉड टेकवायचा आणि त्याच जागी रेंगाळत राहायचा. बाजूचे वेल्डर हसायचे.

"मामा, जोड करताय की सत्यनारायण घालताय?"

"जरा प्रसाद ठेवा आमच्यासाठी!"

तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एक्सरेवाल्यानं सांगितलंय म्हटल्यावर त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

मी रोज सकाळी घाटकोपरच्या आमच्या खोलीत ब्लेडनं दहाही नखं कापून कामावर यायला लागलो. कधी कधी मांसापर्यंत. शॉपमधल्यांना ती नवी गंमत मिळाली. "ए एक्सरे, लग्न ठरलं काय? हात बघायला येणारेत वाटतं!" त्यानंतर माझ्या हातून एकही फिल्म खराब गेली नाही. साहेब बाहेरच्या माणसांना सांगायचे, हा मुलगा फिल्म कशी धरतो ते बघा, शिकण्यासारखं आहे. मी तिथून काहीतरी काम काढून सटकायचो.

माझा सगळा भरवसा दुसऱ्या संधीवर होता. मामा या खेपेला पास होणारच, मग कोणाला काही सांगायची गरज उरणार नाही, असा माझा हिशेब.

दुसऱ्या टेस्टची फिल्म मी पेटीवर लावली आणि खुर्चीवर बसलो. मधोमध, रॉड बदलायच्या जागी, कीट अडकल्याचे जाड काळे ठिपके होते. त्यांच्या शेजारी जोड पट्टीला धरलाच नव्हता, तिथं एक सरळ काळी पट्टी. मी फिल्म काढून खिडकीत तिरपी धरली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा धरली. कुठे खळगा दिसतोय का ते शोधत होतो. फिल्म आरशासारखी होती. मग दुसरी फिल्म लावून पुन्हा एक्सरे काढला, रजिस्टरमध्ये माझ्या नावावर लिहिला. तेच आलं, त्याच जागी.

या वेळचा दोष खरा होता आणि तो मी घातलेला होता. पहिल्यांदा तो फक्त माझ्या फिल्मवर होता. आता मामाच्या हातात गेला होता.

निकाल वाचल्यावर मामा या वेळी फिल्म बघायला आला नाही. दुपारी त्यानं सरावाचा होल्डर आणि शील्ड स्टोअरमध्ये परत केलं. मी त्याला ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात गाठलं.

"तिसरी संधी आहे की, मामा. पंधरा दिवस आहेत."

"तिसऱ्याक मी बसूचंय नाय." तो ग्राइंडरची चकती बदलत होता. "हात माझो रवलो नाय. रॉड संपत इलो की छातीत धडधडता. मे महिन्यात पोरींची शाळा सुटली की बिऱ्हाड हलवतलंय."

मी तेव्हाही पळवाटच शोधली. म्हटलं, "तुम्ही आधी करायचात ना, तसं करा. पटकन. न थांबता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आधी म्हणतंस थांब. आता म्हणतंस थांबा नको. माझी मस्करी करतंस रे?"

त्याचं बरोबर होतं. आपला जुना हात चुकीचा, हे त्यानं फिल्मवर डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसत्या गोड बोलण्यानं तो त्यावर परत विश्वास ठेवणार नव्हता. ती फिल्म खोटी आहे हे कळल्याशिवाय तो होल्डर धरणार नव्हता आणि ते त्याला सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता. तिथं उभ्या उभ्या मी ठरवलं. पुढे जे होईल ते होवो, पंधरा दिवसांच्या आत सांगायचं. खरं तर उद्याच.

संध्याकाळी मी जुन्या फिल्मचं कपाट उघडून मामाच्या पहिल्या टेस्टचं पाकीट काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, ही तिरपी धरून बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फिल्म ट्यूबलाइटखाली तिरपी धरली.

"हे नख आहे."

"माझं आहे. मला त्याच दिवशी माहीत होतं."

"आणि आता सांगतोयस?" त्यांनी फिल्म टेबलावर आपटली नाही, हळूच खाली ठेवली, तेच मला जास्त लागलं. "मी तुझ्या शब्दावर सही केली रे. तुझ्या शब्दावर! स्वतः धरून बघितली नाही."

"माझी नोकरी गेली तरी चालेल, साहेब. पण तो निकाल रद्द करा. त्याची ती संधी त्याला परत द्या."

"ते करावंच लागेल. ती प्लेट केव्हाच भंगारात गेली, नाहीतर तिचाच पुन्हा एक्सरे काढला असता. तुझं काय करायचं ते वर कळवीन, तोवर फिल्मला हात लावायचा नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "त्याला केबिनमध्ये बोलावतो उद्या. इथं सांग काय ते."

"नको साहेब. नापास म्हणून मी फळ्यासमोर वाचलं होतं. तिथंच सांगतो."

"वेडा आहेस काय? शॉपमध्ये तोंड दाखवायला जागा राहायची नाही तुला. ही पोरं सोलून काढतील."

"काढू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्याजवळ उभा राहिलो तेव्हा हातात निकालाचा कागद नव्हता, फिल्म होती. लोक जमायला लागले. काहींच्या हातात चहाचे ग्लास होते. साहेब मागे, दाराशी उभे होते. कोणीतरी ओरडलं, "काय एक्सरे, आज कोणाची विकेट?"

मामा पुढे येत नव्हता. आपल्याला आता निकालाशी काय करायचंय, अशा चेहऱ्यानं तो ग्राइंडर हातात धरून खांबाशी उभा होता. मी म्हटलं, "मामा, इकडे या. तुमच्याशीच बोलायचंय."

तो आला. मी फिल्म त्याच्या हातात दिली, कडांना कशी धरायची ते दाखवलं. छपरातल्या काचेतून उजेड येत होता. "अशी तिरपी करा. आता बघा, रेघ आहे तिथं खळगा दिसतोय?"

"दिसता."

"जोडातली चीर असती तर खळगा दिसला नसता. हे माझ्या अंगठ्याचं नख आहे. फिल्म काढताना माझ्याकडून रुतलं. तुमचा जोड पहिल्या दिवशी चांगला होता, मामा. तुम्ही पास होतात."

चहाचे ग्लास जागच्या जागी थांबले. मामानं फिल्म पुन्हा तिरपी केली, सरळ केली, परत तिरपी केली. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याकडे पाहिलं. नख मुळापर्यंत कापलेलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच साला रोज नखं कापतो!" त्यावर कोणी हसलं नाही.

"तुका कधी कळला ह्या?" मामानं विचारलं.

"त्याच दिवशी."

"आणि मी इचारूक इलंय तेवा?"

"तेव्हा माहीत होतं."

"म्हायत होता, आणि माका म्हणालंस हात थांबव." त्याचा आवाज चढला नव्हता. "सहा म्हयने हात थांबवलंय मी. माझो हात बरोबर होतो?"

"तुमच्या हातासारखा हात या शॉपमध्ये नाही. मला एक फिल्म वाया गेल्याचं सांगायचं नव्हतं, कायम व्हायचं होतं. म्हणून तुम्हाला नापास केलं. ती टेस्ट रद्द झालीय, संधी तुम्हाला परत मिळालीय. पंधरा दिवसांनी बसा. मी सांगितलेलं सगळं विसरा, साच्यावर धागा जोडायचात तसं करा." पुढचं वाक्य मी रात्रभर घोकलं होतं, तरी ते मोठ्यानं निघालं नाही. मी ते पुटपुटलोच. "माझं चुकलं, मामा. मला माफ करा."

मामानं फिल्म माझ्या हातात परत दिली, कडांना धरून. मग तो मागे खांबाशी गेला, ग्राइंडर जमिनीवर ठेवला, त्याची वायर प्लगमधून काढून नीट गुंडाळली. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"परत सांग," म्हणाला. "मोठ्यान सांग. मागच्यांका ऐकाक येवक नाय. माझा नाव नापास म्हणून वाचलंस तेवा दारापर्यंत ऐकाक गेला होता."

मी दाराशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाकडे बघितलं आणि निकाल वाचायचो त्या आवाजात म्हणालो, "मामांचा जोड चांगला होता. मी खोटं बोललो. मामा, मला माफ करा."